बर्फी

दर वेळी तो वस्तरा हवेतच थांबवतो:
"बर्फीची गोष्ट सांगितलीय का तुम्हाला?"
सांगितलीय. पण बाकावरचं कुणी तसं म्हणत नाही.

याकूब उलडेची घोडी.
पहाटे मुरूडच्या बंदरावर बर्फाच्या लाद्या ओढायची, म्हणून बर्फी.
मानेवर पट्ट्याचा घट्टा, डाव्या डोळ्यात फूल.
शर्यतीला पाचवी गाडी कमी पडत होती,
म्हणून उभी केली.
पोरं म्हणाली, हिच्या शेपटीला बांगड्याचा वास येतो.

बाकीची चार घाटावरची,
हरभऱ्यावर पोसलेली, आयाळीत रिबिनी.
सुरूच्या बनापासून उत्तरेकडे सुटली,
समुद्र डाव्या हाताला,
आणि पंचांच्या गप्पांत भरती लागलेली.
खाडीच्या तोंडाशी एक लाट आडवी आली.
चारही बिचकली. एक तर चाकासकट बसली वाळूत.
बर्फीला ती दिसलीच नाही.

इथे वस्तरा पुन्हा गालावर टेकतो.
मागच्या शिमग्याला ती दोन हात पुढे होती,
आज दहा.
आम्ही हात मोजत नाही.
बबन्याची होडी गेलं वर्षभर ओढून ठेवलीय,
माझा दुकानाचा गाळा गेला;
दाढी वाढलेली नसली तरी येऊन बसतो.

याकूब गेला, घोडी त्याच्या आधी.
एका कानाच्या त्या पितळी चषकात
त्याच्या सुनेनं सब्जा लावलाय.

काल एका नव्या पोरानं विचारलं, खरंच झालं हे?
तो पाणी झटकत म्हणाला,
"माझे अकरा रुपये दुसऱ्या घोड्यावर होते.
खोटं कशाला सांगू?"