हा नव्हे

दुलामसुरेन बाई, आधी हा डबा घ्या.
शेगडीजवळ नको. खिडकीतही नको,
खिडकीत सकाळपर्यंत गोठेल.
ह्याला फ्रिज लागतो. हसू नका,
बाहेर उणे अठ्ठावीस, आणि मी फ्रिज मागते आहे
गारव्यासाठी नव्हे, उबेसाठी.
चार तास मोटरसायकलवर डबा माझ्या कोटात होता, पोटाशी.
सहा वर्षांपूर्वी तिथंच हा होता.

सप्टेंबरात आणायला हवा होता. नाही आणला.
अडीच महिने त्याला तंबूत नमद्यांवर खेळवला,
चुलीचे कोपरे लोकरीनं गुंडाळून.

आमच्याकडे सगळं गोठतं, बाई.
नदी, दूध, घोड्याच्या ओठांवरचे केस,
शेणाचीसुद्धा ठेच लागते.
ह्याचं रक्त तेवढं गोठत नाही.
म्हणजे गोठतं, पण उंटावरून येणाऱ्या पाहुण्यासारखं,
सगळ्यांची जेवणं उरकल्यावर.
त्याला घाई करायला लावतं ते ह्या बाटल्यांत आहे.
उलानबातरहून आलंय. टोचायचं दवाखान्यातल्या नर्सनं,
तिला सांगून आले आहे.
रक्त गोठावं म्हणून हे गोठू द्यायचं नाही.
डॉक्टरांनी दोनदा समजावलं, मला तिसऱ्यांदा कळलं.

लिहून घेताय? घ्या.
गुडघा सुजला, गरम लागला, तर ‘चालून बघ’ म्हणू नका.
डोक्याला लागलं तर रक्त दिसायची वाट बघू नका,
ह्याचं बरंचसं आतच सांडतं.
अंगावर निळे डाग दिसतील. आम्ही मारत नाही.
हे वाक्य वाटभर पाठ केलं होतं,
तरी म्हणताना खोटं वाटलं.

कुस्ती नको.
हे त्याला तुम्ही सांगा. आमच्यानं झालं नाही.
बापानं त्याला जिंकल्यानंतरचा गरुडनाच शिकवलाय,
तेवढाच.

हे माझ्यातून आलं. मला काही होत नाही,
मी नुसता रस्ता.

नाव लिहिताना थांबलात. बरोबर ऐकलंत,
एनेबिश. ‘हा नव्हे’.
माझ्या धाकट्या भावाचं नाव छान होतं, एर्देने, रत्न.
दुधाचा दात पडला, आणि चौथ्या रात्री
न्यायला आलेल्याला ते लगेच सापडलं.
म्हणून ह्याला असं हाकारतो.
दाराशी कुणी आलंच तर ऐकेल, हा नव्हे,
आणि पुढचा तंबू बघेल.
पुढच्या तंबूत कोण असतं ते मी मनात आणत नाही.
उद्या हजेरीला नाव मोठ्यानं घ्या, बाई.
दारापर्यंत जाऊ दे.
तो ‘हजर’ म्हणेल, ते हळू म्हणाला तरी चालेल.

निघते. अंधाराआधी खिंड गाठायची आहे.
हां, एक राहिलं.
खालचा पुढचा दात हलतोय.
पडला की आधी डबा, मग नर्स, मग मला फोन.
आणि दात फेकू नका.
चरबीत गुंडाळून कुत्र्याला घाला, सगळ्या पोरांचा घालता तसा.
कुत्रं तेवढं तरणं बघा.