पंचवीस हजार लिटर

घर तसं बरं आहे.
पूर्वेला दार, वर सोलर, जामनेर रस्त्यापासून थोडं आत,
ओट्याला काळा ग्रॅनाइट,
आणि मागे, पेरूच्या झाडाआधी,
तो.

नेहेते एजंट त्याला पूल म्हणतो, मालक टाकी.
हे काहीच म्हणत नाहीत,
चपला काढून काठावर उभे राहतात,
देवळात उभं राहावं तसे.
आत पाणी नाही. निळ्या फरश्या,
तळाशी कडुलिंबाचा पाला, एक फुटका चेंडू
आणि एप्रिल.

वीस बाय दहा, साडेचार फूट खोल.
विजेच्या बिलाच्या पाठीवर मी गणित मांडलं:
भरायला पाच टँकर,
ऊन रोज बोटभर पिऊन जाईल ते वेगळं,
मोटर, फिल्टर, क्लोरीन,
आठवड्याला जाळी मारणारा पोरगा.
(पोरगा मिळतो, नेहेते म्हणाला. सगळं मिळतं, ताई.)
आमच्या गल्लीत नळ चौथ्या दिवशी येतो,
कधी पाचव्या.
हे त्या बिलावर कुठे लिहायचं, कळेना.

यांचं पोहणं विहिरीतलं.
काकांनी पाठीला तेलाचा डबा बांधून
थारोळ्यावरून ढकललं होतं,
यावलच्या मळ्यात, वय वर्षं सात.
छत्तीस उन्हाळे ऐकते आहे मी ही गोष्ट.
डबा दर वर्षी लहान होतो, विहीर खोल.
त्याच विहिरीवर माझ्या नणंदा कपडे धुवायच्या.
त्या पोहायच्या का, एकदा विचारलं होतं.
"पोरी कायले पोहतीन?" म्हणाल्या सासूबाई,
आणि भरीत वाढत राहिल्या.

मुलगा फोनवर म्हणाला, घेऊन टाका,
मे महिन्यात येतोच आम्ही.
मागच्या मे महिन्यात आला होता, चार दिवस.
त्यातले तीन एसीच्या खोलीत.
पाच टँकर भागिले एक दिवस.
हेही मांडलं.

सकरूबाईला विचारलं, ती भांडी घासत असताना.
तिनं हात थांबवला.
"इतकं पानी, उघडं?
मंग रातले झोप लागीन तुम्हाले?"

एक सांगायचं राहिलं.
हे आणि नेहेते बोअरचं झाकण उघडायला गेले तेव्हा
मी आत उतरले.
चार पायऱ्या, साडी सावरत, अठ्ठावन्नाव्या वर्षी.
तळाशी उभी राहिले. काठ हनुवटीशी आला.
फरशी तापलेली, पाला कुरकुरला.
दोन्ही हात बाजूला पसरले, जरा वर उचलले.
कुणी पाहत नव्हतं,
पेरूवरची एक खार सोडून.

काल रात्री पावणेतीनला नळ आला.
उठले, पाइप लावला.
ड्रम भरला, हंडे, बादल्या, डाळीचं पातेलंसुद्धा,
तरी नळ चालूच.
मग बाही वर सरकवली
आणि ड्रममध्ये हात घातला,
खांद्यापर्यंत.
पाणी काठावरून पायांवर आलं.
आतून हे म्हणाले, काय सांडलं?

सकाळी नेहेतेला मीच फोन लावला.
टाकीचे तीन लाख कापून भाव मागितला.
म्हणजे बुजवणार का, ताई?
ते तुम्ही विचारू नका, म्हटलं,
आणि हे अंघोळीला गेल्यावर
पुन्हा लावला, हळू आवाजात:
तो जाळी मारणारा पोरगा,
त्याला एखादी बहीण आहे का हो,
पोहता येणारी?