आज फेरी नाही

पहाटे रेडिओ सांगतो, आज कुठली बोट सुटणार नाही.
आई तेवढ्यापुरता आवाज वाढवते,
जसं काही आम्हाला कुठे निघायचंय.

रोई एकोणिसाचा होता.
घसा सुजलेला, दोन दिवस काही गिळवेना,
मेंढ्या खाली आणायच्या म्हणून तरी डोंगरावर गेला,
परत आला, बूट काढले, भिंतीशी नीट लावले
आणि आडवा झाला.
आम्ही म्हटलं, झोपू दे.

मागच्या खोपीत तेव्हा तीन मेंढ्या टांगलेल्या,
फळ्यांच्या फटींतून समुद्रवारा खात वाळत होत्या.
सुरी लावली की बोटभर चरबी, पिवळी.
फारो बेटांवर आता उपासमारीनं कुणी मरत नाही.

पुढचं मला डॉक्टर आउसांनी सांगितलं,
फॉर्मच्या पाठकोऱ्या बाजूवर रेघा ओढत.

पोटात काही गेलं नाही की रक्तातली साखर उतरते,
यकृतातली शिल्लकही खरवडून संपते.
इन्सुलिन ओसरतं.
मूत्रपिंडाच्या माथ्यावरून अ‍ॅड्रेनलिन दवंडी देत निघतं:
साखर संपली, चरबी काढा.
दवंडी म्हणजे काय, तर एक रेणू, वाहत चाललेला.
ज्या पेशीच्या दारावर त्याच्या मापाची खोबण आहे
तिथे तो टेकतो. आत शिरत नाही.
आत कुणी कुणाला ढोसतं, तो तिसऱ्याला,
आमच्या गावात बातमी पसरते तसं,
आणि कोठारं उघडतात.

उघडली होती, त्या म्हणाल्या. रोईचीही उघडली होती.

हृदयाचं बहुतेक सगळं चरबीवरच चालतं.
चरबी पोचली. पेशीत पोचली,
तंतुकणिकेच्या, त्या भट्टीच्या, अगदी काठाशी पोचली.
आता मध्ये फक्त एक पापुद्रा.
पण लांब साखळीची चरबी एकटीनं तो ओलांडत नाही,
न्यायला कार्निटीन लागतं.
नावाडी, मी म्हणाले.
त्यांनी पेन खाली ठेवलं. हो, नावाडी.

तो मांसातून येतच होता, रक्तात फिरत होता.
पण पेशीच्या दारावरचं एक प्रथिन जन्मापासून वाकडं,
त्याला आत घेईना.
मूत्रपिंडंही त्याला अडवेनात.
सगळे नावाडी लघवीवाटे गेले समुद्राला.

आडात होतं.
पोहरा नव्हता.

आईला मी एवढंच सांगितलं, की झोपेत गेला,
दुखलं नसेल.
ती म्हणाली, मी खिमट केलं होतं, उठवायला हवं होतं.
त्यावर माझ्याकडे कागद नव्हता.

मग वसंतात शाळेच्या हॉलमध्ये सगळं गाव रांगेत.
सुन्वोर नर्स बोट टोचायची, टिपकागदावर थेंब घ्यायची.
बाबा म्हणाले, मेंढ्यांचे कान कातरून खूण करतो तसं,
आता आपली पाळी.
कुणी हसलं. बरं वाटलं हसलेलं.
तीन आठवड्यांनी माझं पाकीट आलं, जाड.
तेच दार.

आता दिवसातून तीनदा मोजून घेते.
एवढे नावाडी रक्तात लोटायचे, की काही तरी
फटीतून, चुकून, ढकलाढकलीत आत जातील.
जातात. जिना चढताना कळतं.
त्यानं अंगाला मासळीचा वास येतो, हे त्यांनी आधीच सांगितलेलं,
थोडं संकोचून.
इथे? मी म्हटलं. इथे कुणाला कळणार?
ट्रोन्दुरला कळला. मानेशी नाक नेऊन म्हणाला,
बंदरावर होतीस आज?
हो म्हटलं.
अजून सांगितलेलं नाही.

ताप आला तर उपाशी झोपायचं नाही, हा नियम.
मागच्या आठवड्यात एकशे एक होता.
रात्री तीनला आई दारात, हातात ताटली,
ब्रेड, लोणी, उकडलेला बटाटा, वर साखर.
खा.
काही बोलली नाही. शेवटचा घास गिळेपर्यंत
घशाकडे बघत उभी राहिली.

खाली दाराशी रोईचे बूट.
मेंढ्या उतरवायला बाबा तेच घालतात,
एक नंबर मोठे,
पुढे लोकर कोंबून.