आठपदरी

सायकलच्या दुकानावर माझी खोली.
खाली पंक्चरची बादली, वर माझी डाखणी;
रबर आणि राळ, दोन्ही वासांची
जिन्यात रोज गाठ पडते.

तो जिना चढून आले कुरामोची,
हामामात्सूत एकेचाळीस वर्षं
लोकांचे पियानो जुळवलेले.
हेडफोन सार्वजनिक स्नानगृहाच्या टॉवेलात गुंडाळलेला,
टॉवेलावरचं नाव अर्धं पुसलेलं.

"ही वायर बदला."
कंपनीची, खोक्यातून आलेली.
तीन मीटर काळं आडमुठं रबर,
खोक्यात जशी वळली होती तशीच अजून.
सुंभ नव्हे, पण पीळ तोच.
शर्टाच्या बटणाला घासली
की कानात कुणी पोतं ओढत नेतं.
रेशमी किमोनोला सुतळीची गाठ, मी म्हटलं.

"फरक किती पडेल?"

या प्रश्नावर माझं पोट चालतं,
म्हणून मी उत्तर सावकाश देते.
थोडा, म्हटलं. काहींना खूप.
काहींना पैसे दिल्यावर.
ते हसले नाहीत.
अडतीस हजार येन मोजून ठेवले,
नोटांची तोंडं एका बाजूला करून.

चांदीचा मुलामा दिलेलं तांबं.
आठ पदर, चार डाव्या कानाचे, चार उजव्या.
एक वरून, दोन खालून,
ओढ सगळ्यांना सारखी.
रागात विणू नये. एक पदर आखडतो
आणि वेणीचा साप होतो.
चार संध्याकाळी लागल्या.
उजव्या टोकाला लाल ठिपका दिला.

त्यांनी इथेच ऐकलं, स्टुलावर, पाठ ताठ ठेवून:
एका शाळेच्या सभागृहातला पियानो,
त्यांनीच जुळवलेला, कधीचा तरी.
"हं," म्हणाले, "इथे पेडलचा फेल्ट उचलला जातो.
हे मला तेव्हा त्या खोलीतही ऐकू आलं नव्हतं."
आणि टॉवेल विसरून गेले.

अकराव्या दिवशी परत.
मला वाटलं टॉवेलासाठी.

"जुनी द्या."

पैसे परत हवेत का?

"छे. ही वायर फार गप्प आहे.
दोन सुरांच्या मधे जागा असते ना,
तिथे आता माझा कान ऐकू येतो. डावा.
बारीक शिटी, दिवसरात्र.
पूर्वी रबर घासायचं, तेवढं पांघरूण पडायचं."
मग थोडं थांबून, जणू एखाद्या गिऱ्हाइकाची तक्रार सांगत:
"शेवटच्या पट्टीहून जराशी उतरलेली आहे.
अगदी केसभर.
असलं काही ऐकलं की माझा हात
आपोआप किल्लीकडे जातो.
आता किल्ली लावू कुठे?"

मी काही बोलले नाही. जुनी वायर मी कापली होती.
प्लग डब्यात, आणि रबर
गॅलरीत, टोमॅटोच्या झाडांना बांधलेलं.
त्यांना दाखवलं.
त्यांनी वाकून एका बोटानं ते छेडलं,
काठी हलली, पानं हलली.
"ताण बरोबर आहे," म्हणाले.
"असू दे. फळ धरलंय."

म्हणून मग मी तो उद्योग केला
जो या धंद्यात कुणी करत नाही:
चांदीच्या वेणीवर
मुद्दाम घासणारं कापड चढवायचं ठरवलं.
जीन्स, ताग, जाडं सुती, तीन तुकडे
त्यांच्या बटणावर एकेक फिरवले.
डोळे मिटलेले, मान डावीकडे कललेली.
"दुसरं," म्हणाले. मग, "पण जरा खाली आणा."

खाली?

"आवाज. उतरवा थोडा."

तागाची वीण मी सैल केली.
पुन्हा घासलं.
"अजून."
पुन्हा.
खाली कुणीतरी चाकात हवा भरत होतं,
पंपाचा दम मधेच अडकत होता,
आणि आम्ही दोघं एका खरखरीला
सुरात आणत बसलो होतो,
दुपारचे साडेतीन.

"बस. इथेच."

त्याचे पैसे मी घेतले नाहीत.
म्हणजे, फक्त तागाचे घेतले.
टॉवेल धुऊन ठेवला होता, तो दिला.
हेडफोन कानांवर चढवूनच ते निघाले,
आणि जिन्याच्या वळणावर थांबून
शर्टाचं सगळ्यात वरचं बटण लावलं.