खुराड्याचा भाव

गॅरेजात आता गाडी राहत नाही.
लार्चच्या फळ्या राहतात, मी राहते,
आणि एक हीटर, जो फक्त स्वतःपुरता तापतो.
हेक्समला मार्चमध्येसुद्धा
गोंद सुकायला दोन दिवस घेतो.

पहिलं खुराडं केलं तेव्हा हात अजून पुलांचे हिशेब करत होते.
चार कोंबड्यांसाठी अशी तुळई घातली
की वरून ट्रॅक्टर गेला असता.
उचलायला चौघं लागली.
शेजारचा डेरिक रॉब्सन, चाळीस वर्षं सुतारकी केलेला,
म्हणाला, "कोंबड्या शिशाच्या आहेत का?"
दुसऱ्या खुराड्याला लाकूड निम्मं लागलं.

शिकत गेले.
बसायची दांडी चपटी, रुंद बाजू वर,
म्हणजे थंडीत पंजे पिसांखाली झाकले जातात.
दांडी अंड्यांच्या खणाहून उंच,
नाहीतर त्या खणातच झोपतात आणि सकाळी अंडी धूत बसा.
एखादी खुडूक झाली तर तिला उचलायला मागून झडप.
छपराला डांबरी कागद नको, त्याखाली तांबडे किडे संसार मांडतात.
जाळी अर्ध्या इंचाची, जाड तारेची;
ती स्वस्तातली षटकोनी जाळी
कोंबडीला आत ठेवते,
कोल्ह्याला बाहेर ठेवत नाही.

आणि झरोका डोक्याच्या वर. नेहमी वर.
हे मात्र डेरिकनं शिकवलेलं नाही.
मालेगावला पोलीस लाइनीत दोन खोल्या, आम्ही सहा जण.
आई म्हणायची, घर कसलं, खुराडं आहे हे.
एका मे महिन्यात तिनं स्वतः पहार घेतली
आणि आढ्याखालच्या दोन विटा काढल्या.
सरकारी भिंत. बाबांना मेमो आला.
त्या रात्री आम्ही सगळे झोपलो.

आता भाव.
लाकूड एकशे बारा पौंड. जाळी एकेचाळीस.
बिजागऱ्या, कड्या, स्क्रू मिळून सव्वीस.
छपराचा पत्रा तीस. रंग अठरा.
दोनशे सत्तावीस.
त्याखाली शाल्मलीनं पट्टीनं एक ओळ आखून ठेवली आहे:
आईचे तास.
ती ओळ मी रोज ओलांडते,
दारात झोपलेल्या कुत्र्याला ओलांडावं तशी.

विनिफ्रेड चार्लटन आल्या.
कारखान्याच्या पिंजऱ्यातून सोडवलेल्या तीन कोंबड्या,
अंगावर धड पीस नाही,
गवत म्हणजे काय ते ठाऊक नाही.
मी म्हटलं, दोनशे साठ.
त्या म्हणाल्या, दुकानात दीडशेला मिळतं, सपाट खोक्यात.
मिळतं, मी म्हटलं.
त्याची कडी कोल्हा नाकानं उघडतो हे जिभेवर होतं.
तोंडातून आलं: दोनशे चाळीस.
दारातून डेरिक ओरडला,
"आता चहा पाजून घरी सोडूनही ये!"
विनिफ्रेडबाईंनी वाकून सांध्यावरून अंगठा फिरवला.
किती दिवस लागले?
चार, मी म्हटलं.
नऊ लागले होते.

आठवड्यानं त्यांचा फोन:
आत जातच नाहीत, कुंपणाशी झोपतात.
अंधार पडल्यावर गेले.
पहिली उचलली, दांडीवर ठेवली. दुसरी ठेवली.
तिसरी तळहातात उघडी, गरम,
शिवणयंत्रासारखं काळीज.
ठेवली. बोटं दांडीभोवती वळेपर्यंत
हात काढला नाही.
वरच्या झरोक्यातून वारा जात होता,
त्यांच्या डोक्यावरून, त्यांना न लागता.
विनिफ्रेडबाई टॉर्च धरून उभ्या होत्या,
काही बोलल्या नाहीत. मीही नाही.

घरी येऊन वही उघडली.
त्या रिकाम्या ओळीत लिहिलं:
पुढच्याला तीनशे ऐंशी.

शाल्मली म्हणाली, आई, हा भाव झाला.
इथे तास लिहायचे होते.

असू दे, म्हटलं.