भटकी नस

मिरकरवाड्याच्या इस्माईल होडेकरांना
घशात नळी झेपणार नव्हती.
म्हणून आपल्याच श्वासावर, डाव्या कुशीवर, अर्धवट झोपेत.
बरगड्या बधिर केलेल्या, त्यांत दोन बोटांचं भोक,
आणि पडद्यावर फुप्फुस,
ओहोटीला चिखलात बसलेल्या होडीसारखं.

तोरस्करांनी मुळाशी चिमटा लावला
आणि खोकला आला.
एकच. पण सगळं हललं,
कॅमेरा, कात्री, मी धरलेला मास्क.

श्वासनळीच्या कडेने उतरते ती,
कवटीतून निघून गळा, काळीज, पोट,
कुठेच मुक्कामाला न राहणारी.
तिच्या शेजारी दोन मिली औषध सोडलं.
गांधीलमाशी डसावी तसा फुगवटा.
मग ओढलं, कापलं, टाके घातले.
फुप्फुस गप्प.
गप्प गोष्टींचं मला भय वाटतं, पेशाच तसा.
मॉनिटरची टिकटिक मोजत राहिले.

बाहेर बाकावर त्यांची सून सांगत होती,
"अब्बा दार वाजवत नाहीत.
पहाटे जेटीवरून आले की पायरीवर खोकतात,
आम्ही कडी काढतो."

संध्याकाळी पाचला वॉर्डात
मीच त्यांच्यापुढे उशी धरली.
"छातीशी दाबा आणि खोका, चाचा."
बंद पडलेल्या इंजिनाकडे बघावं
तसं बघितलं माझ्याकडे.
"तुम्हीच बंद केलात ना?"
हो. आता सुरू करा.

पहिला पोकळ गेला.
दुसऱ्याला बाटलीतल्या पाण्यात बुडबुडे.
तिसऱ्याला
व्हरांड्यात डबा सोडत बसलेली सून
सवयीने उठून उभी राहिली.