मडक्यातली

गिरणाऱ्याच्या पुढं, डांबर जिथं संपतं तिथं
बेंडकोळीचं हॉटेल. पाटीवर नाव नाही,
नुसता बाण, तोही उलट्या बाजूला.
सुकदेव म्हणाला, बाण चुकला की समजायचं पोचलो.

बाकडं हलतं. पायाखाली खापरी सरकवली
तरी हलतंच.
"काय काय आहे?" विचारलं तर बेंडकोळी
"आहे ते," म्हणून आत गेला.
आलं ते मडक्यातलं, ओगराळ्यानं ओतलेलं, कोमट.
मोहाची.
जिभेवर आधी धूर, मग गोड, मग
शाळेच्या वाटेवर वेचून खाल्लेलं
ते मऊ फूल, मातीसकट.

नागलीची भाकरी, खेकड्यांचा रस्सा.
नांग्या फोडायला
सरळ वरवंटाच दिला हातात.

प्रेसमध्ये आम्ही दोघं एकतीस वर्षं
एका टेबलाला. नोटा मोजल्या, तपासल्या,
सुटताना खिसे उलटे करून दाखवले.
बोललो ते शिफ्टपुरतं.
आज नांगी चोखता चोखता सुकदेव म्हणतो,
"तुझ्या बायकोच्या ऑपरेशनच्या दिवशी
आलो होतो मी. जिन्यापर्यंत.
तिथनंच परत फिरलो."

मी वरवंटा उचलला,
एक नांगी फोडली, त्याच्या ताटात टाकली.
रस्सा घे म्हणालो, निवतोय.

बिल तीनशे साठ, दारावर खडूनं मांडलेलं.
मी पाचशेची दिली.
बेंडकोळीनं ती उजेडात धरली, न्याहाळली,
आणि आम्ही दोघंही, सवयीनं,
त्याच्यासोबत माना वर करून.